हजार वॅटचे सासरे

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे सध्या सातच अंगांचा, आठवं मनोमन समजून घे). तुझी कंबर कशी आहे? आतोबांचा खोकला? इकडे सगळे सुखरूप आहेत, सासरे सोडून, आणि त्यांच्यामुळे तसे आम्हीही नाहीच.

सासरे कित्येक वर्षं आमच्या कॉलनीचे अध्यक्ष, दरवेळी बिनविरोध, हे तू जाणतेसच (न जाणून जाशील कुठे? त्यांनीच सांगितलं असणार). गेल्या वार्षिक सभेत त्यांचं भाषण चालू असताना मागच्या रांगा गाढ झोपल्या. सासऱ्यांनी निष्कर्ष काढला, की मागे आवाज पोचत नाही. पोचला असता तर लोक झोपले कशाला असते? मी पडलो चिटणीस आणि वर जावई, म्हणजे दोन्हीकडून तोंड बंद. सभागृहातला शंभर वॅटचा अॅम्प्लिफायर काढून दोनशेचा आणायला त्यांनी मलाच पिटाळलं.

तो जोडला. सासऱ्यांनी माइकवर घसा खाकरला, मी शेवटच्या रांगेत कान टवकारून बसलो. आत्या, खरं सांगतो, भाजीत मीठ चिमूटभर जास्त पडावं, तेवढाच फरक. "दुप्पट वॅट, मग दुप्पट आवाज गेला कुठे?" सासरे कडाडले (माइकशिवाय, आणि तेच जास्त मोठं वाटलं). तोच प्रश्न घेऊन मी दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, कानाचं नवऱ्यासारखं असतं. दुप्पट जोर लावला तर जेमतेम मान वर करतो. आवाज दुप्पट वाटायला जोर दहापट लागतो. शंभराचे हजार करा." (माझ्या बायकोला हे लग्नापासून माहीत आहे.) हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं, तर म्हणे, तुम्ही दोनशेचाच मागितलात. मागच्या रांगेजवळ एक स्पीकर टांगला तरी भागेल, असंही तो म्हणाला. पण आपला आवाज लोकांच्या पाठीमागून यावा, हे सासऱ्यांना अपमानाचं वाटलं.

हजारचा आला. जुने स्पीकर तो सोसेनात, म्हणून नवे आले. यंदाच्या सभेत सासरे उभे राहिले आणि प्रत्येक अक्षर शेवटच्या खुर्चीपर्यंत लख्ख पोचलं. टाकी का गळते तेही पोचलं (तरुण पिढीचे संस्कार). जिन्यातला दिवा कधी लागणार तेही पोचलं (विषय विचाराधीन). कुणी झोपलं नाही. मागून एक निवृत्त नर्सबाई उठल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे दरवर्षी असंच बोलतात?"

"दरवर्षी!" पुढच्या रांगेतला शिंपी मागे वळून म्हणाला. "तुम्ही काही बोलत नव्हता, आम्हाला वाटलं तुम्हाला पटतंय."

लगेच मतदान झालं. सासऱ्यांना एकच मत पडलं (ते त्यांचं स्वतःचं, माझ्याबद्दल विचारू नकोस).

घरी आल्यावर ते बूट न काढताच बसून राहिले. मला खरंच वाईट वाटलं. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "आवाज तरी नीट येत होता ना?"

"अगदी लख्ख."

त्यांचा चेहरा उजळला. "मग लोकांचीच समज कमी."

ते यंत्र आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. सासरे रोज बोलतात. श्रोते आम्ही दोघं.

आतोबांना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक भाचा

ता. क. सासऱ्यांना हवापालटाची गरज आहे. रविवारी तुझ्याकडे पोचतील, यंत्रासह. तुझं कानाचं मशीन दुरुस्तीला गेलंय, असं ताईकडून कळलं. ते आणायची घाई करू नकोस.

आणखी एक ता. क. नवा अध्यक्ष मीच, हे लिहायचं राहिलं. सभागृहात जुना शंभर वॅटचाच पुन्हा बसवावा, हा माझा पहिला ठराव. एकमताने मंजूर झाला. मागच्यांना तो नीट ऐकू आला नाही.