सारजाचा उघडा ईमेल

शिरूर, ४ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पामामा यांस, तेजश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून कागद. परवा मला आईचा ईमेल आला. तिला जाऊन चौदा महिने झाले. मजकूर एवढाच, की तेजू, हे फोटो बघ. खाली लिंक. मी ती उघडली नाही. कारेगावच्या स्नेहलने उघडली. मावशीचे फोटो म्हटल्यावर कोण थांबेल. आता तिच्या नावानेही तसेच ईमेल सुटलेत. आई शेवटी दौंडला तुमच्याकडे होती. तिचा ईमेल तुमच्या कॉम्प्युटरवर अजून उघडा आहे का, खरं सांगा.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची भाची,
तेजश्री

दौंड, ७ नोव्हेंबर

चि. तेजश्रीस, अ. उ. आ.

उघडा आहे. रोज सकाळी चहा घेऊन बसतो, सारजाला कुणाचं काय आलंय बघतो. बहुतेक साड्यांचे सेल असतात. ती गेल्याचं दुकानदारांना कुणी कळवलेलं नाही, आन् मला कळवायचं नव्हतं.

दिवाळीआधी फुकटचं पंचांग शोधत होतो. पान म्हणालं, पुढं जायचं तर हे ब्राउझरला जोडा, परवानगी द्या. दिली. तीस वर्षं स्टेशनावर पावती बघितल्याशिवाय कुणाचं पार्सल सोडलं नाही, आन् इथं मागणारा कोण हेही विचारलं नाही. पण सारजाचा पासवर्ड मलाच ठाऊक नाही. मग चोर शिरला कसा?

लोभ राहू दे. अक्कल टपालानं पाठव.

आप्पा

शिरूर, ११ नोव्हेंबर

ती. मामांस, शि. सा. न.

पासवर्ड लागलाच नाही. त्या जोडणीच्या पोटात लपवलेल्या सूचना असतात. तुम्ही जे उघडं ठेवाल ते त्या वाचतात, आणि तुम्हीच लिहिल्यासारखं पाठवतात. आधी ती काढून टाका, ब्राउझर अपडेट करा. मग आईच्या ईमेलमधून सगळीकडून साइन आउट करा, म्हणजे आत शिरलेला चोरही बाहेर पडेल.

पुढचं लिहायला पेन अडतंय. पासवर्ड आईबरोबर गेला, नवा मिळवायला ओटीपी ज्यावर येतो तो तिचा नंबर मीच बंद केला. एकदा बाहेर पडलात की तिचा ईमेल पुन्हा उघडणार नाही. राहू दे म्हणावंसं मलाही वाटलं. पण काल इनामगावच्या आत्यांनाही आईचा ईमेल गेला, आणि त्या दिवसभर जेवल्या नाहीत.

लोभ आहेच, आज जरा जास्त लागेल.

तेजश्री

दौंड, १५ नोव्हेंबर

चि. तेजश्रीस, अ. उ. आ.

सांगितलंस तसं केलं. बाहेर पडण्याआधी न पाठवलेल्यांत एक पत्र सापडलं, तुझ्या नावाचं, ती दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसाचं. त्या ईमेलवरून पाठवलं असतं तर तू उघडलं नसतंस, आन् तेच शहाणपणाचं. म्हणून हातानं उतरवलंय. अक्षर माझं, बाकी तिचं:

“तेजू, स्टीलचा मोठा डबा तुझ्याकडंच राहिलाय. आप्पा विसरला असेल, मी नाही. येताना घेऊन ये, आणि”

पुढं काही नाही.

मग बटण दाबलं. पडद्यावर तिचं नाव राहिलं, खाली पासवर्डचा रिकामा चौकोन. चहा निवेपर्यंत बघत बसलो.

लोभाचं वेगळं लिहीत नाही. डबा घेऊन ये.

तुझा मामा,
आप्पा