विहिरीची चौकशी आणि भाऊबीज

मु. बीड, आश्विन शुद्ध त्रयोदशी, फसली १३३८

तीर्थस्वरूप दाजी राधाकिशनराव यांना धाकटा मेव्हणा आसाराम याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आपला खोकला कसा आहे? केसरअक्का खुशाल ना? इकडं आई धडधाकट आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. का म्हणून, ते खाली येईल.

हैदराबादेहून कायद्याची पदवी घेऊन आलो, वकिलीची सनद ओसरीवर टांगली, तेव्हा वाटलं आता माणसांची रीघ लागेल. उलट होती ती माणसंही गेली. शेजारचे सुंदरराव पायातला काटा काढायला आमच्या ओट्यावर बसले (आमच्या घरचा चिमटा चांगला). ते त्यांच्या भावानं पाहिलं आणि टांगा करून थेट दुसरा वकील गाठला. वकिलाच्या ओट्यावर बसला म्हणजे वाटणीच मागणार, असा त्याला शक. आता दोघांचा खरोखर मुकदमा चालू आहे, आणि सुंदररावांनीही वकील दुसराच धरलाय. काटा तेवढा निघाला. परवा कपिलधारला गेलतो, तर ओळखीची माणसं मी निघेपर्यंत धबधब्याखालून बाहेर आली नाहीत.

हे सगळं सोसलं असतं. पण पंचमीला अक्काला न्यायला गेवराईला आलो, जेवताना पाणी गोड लागलं, आणि मी विचारलं, विहीर सामाईक आहे का? दाजी, देवाशपथ, मला पाण्याचं कौतुक करायचं होतं. शिकून शिकून जिभेला तेवढंच वळण राहिलंय. आपल्या थोरल्या बंधूंचा घास हातातच राहिला. आपले वडील मोहनरावमामा ताटावरून उठले. मेव्हण्याला वकील करून आपण वाटणी मागणार, असंच सगळ्यांनी धरलं, आणि अक्काचं बांधलेलं गाठोडं परत आत गेलं. मला लई वाईट वाटतं. रिकामी गाडी पाहून आई एवढंच म्हणाली, ती सनद खाली काढ. काढली. खिळा तेवढा राहिलाय (लोक त्यालाही भितात).

आपला,
आसाराम <s>वकील</s>

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की भाऊबीजेला अक्काला धाडा. मी वेशीबाहेर गाडीतच बसेन. तोंड उघडणार नाही, पाणीसुद्धा मागणार नाही.

पुन्हा ता. क. सदर पत्र पोहोचल्यापासून आठ दिवसांत उत्तर न आल्यास आपलं काही म्हणणं नाही असं समजून पुढील कारवाई करण्यात येईल व तिची जोखीम सर्वस्वी आपल्यावर राहील.

दाजी, हे वरचं हातातून निसटलं. खोडावं तर मामांना वाटेल, काहीतरी लपवलं. त्यांना तेवढं वाचून दाखवू नका. पुढील कारवाई कसलीही नाही. मी पाटावर बसेन, आणि ओवाळायला कुणी नसेल.