अर्ध्या आट्याचं झाकण

७ मार्च

निषेध! त्रिवार निषेध! ज्या घरात कर्त्या पुरुषाला सकाळी उठून कॉफीच्या बरणीशी मल्लयुद्ध करावं लागतं, त्या घराच्या राज्यघटनेत काहीतरी गंभीर बिघाड झाला आहे. झाकण हलेना. फडकं घेऊन पाहिलं, गरम पाण्याखाली धरलं, शेवटी दाराच्या फटीत अडकवून बरणीच फिरवली. कॉफी झाली तेव्हा कामावर निघायची वेळ टळून गेली होती.

आमच्याकडे कुठलंही झाकण अर्ध्या आट्यापलीकडे फिरवायचं नाही, असा नियम आहे. हिच्या दुखण्यामुळे केलेला. तो मोडला कोणी? घरात माणसं दोन. मी मोडलेला नाही.

म्हणजे —

नको, लिहीत नाही. दृष्ट लागायची.

९ मार्च

तरी लिहितोच. हिच्या हातात जोर आला आहे!

इतकी वर्षं मान, खांदे, मनगटं — दुखत नाही असा अवयव नाही. एका डॉक्टरांनी ‘मनाचे खेळ’ म्हटलं. दुसऱ्यांनी ‘काही छंद लावून घ्या.’ ही शिवणाच्या दुकानात कपडे बेतायची. कात्री धरवेना म्हणून ते सुटलं. छंद म्हणे! आताच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि नाव सांगितलं — फायब्रोमायल्जिया. मी तत्काळ ‘सर्वांगशूल’ असं संस्कृत नामकरण केलं. ही म्हणाली, “नाव कुठल्याही भाषेत ठेवा, दुखतं मराठीतच.”

रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं. “ते भरून काढू,” बाई म्हणाल्या. “काहीजणींचं दुखणं त्याने कमी होतं, काहींचं नाही. वचन देत नाही. आणि मनाने डोस वाढवायचा नाही!” शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून. मला बाई आवडल्या. मी छापखान्यातला मुद्रितशोधक. ‘कदाचित’ हा शब्द योग्य जागी पडलेला दिसला की आमचं समाधान होतं.

१३ मार्च

रविवार. गोळीचा वार. जेवणानंतर ही ती मोत्यासारखी गोळी घेते आणि मी उगाच ‘भास्कराय नमः’ म्हणतो. “पुरे,” म्हणते.

काल रात्री कूस बदलताना कण्हली नाही. गाढ झोपली. तिचं कण्हणं ऐकू येईना म्हणून मीच जागा.

१६ मार्च

नवीन पेन टाकाऊ. दुकानदाराने चांगलंच गंडवलं.

१९ मार्च

कॉफीच्या बरणीने आज पुन्हा अंत पाहिला. मी आनंदाने घाम पुसला! हिला अजून काही बोललो नाही. बोललो की ती लगेच बोटं दाबून बघणार, ‘कुठे काय, दुखतंय की’ म्हणणार, आणि माझा पुरावा बाद. त्यापेक्षा बरणीने मला गुपचूप बातमी देत राहावी.

बाहेरच्या दाराचं कुलूपही अडतं. तेल घालायला हवं.

२२ मार्च

अक्षरजुळणी करणारे आमचे तात्या माझी तपासलेली पानं नाचवत आले. “साहेब, तुमचे काने हल्ली झोकांड्या खातात. वहिनी घरी पाजतात तरी काय?”

“ड जीवनसत्त्व,” म्हटलं. “पण मला नाही, स्वतःला.”

पेन बदललं. हेही तसलंच. हल्ली पेनं करणाऱ्यांना लाज उरलेली नाही.

२४ मार्च

ही एकटी कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन आली. वर, आल्यावर माझ्या शर्टाची कॉलर कशी चुकीची बेतली आहे यावर व्याख्यान. किती दिवसांनी कोणी मला इतकी सविस्तर नावं ठेवली!

२७ मार्च

दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन. “रोज दोन तास ये. कात्री धरू नकोस. तू बेतून खडूने आखून दे, कापायला पोरी आहेत.”

फोन ठेवून ही खुर्चीत बसून राहिली.

“जाऊ?”

“जा. घरात जरा शांतता नांदेल.”

“आणि मध्येच दुखायला लागलं तर?”

“तर ये परत. दुकान कुठे पळून जातंय?”

“तुमचं काय होईल दोन तास?”

“माझी मुक्ती होईल.”

हसली. मग डोळे पुसले, आणि मी पाहिलं म्हणून माझ्यावरच डाफरली. कपाटातून मोजपट्टी काढून टेबलावर गुंडाळून ठेवली आहे. पुढच्या सोमवारी जायचंय, तरी आत्ताच.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, “जरूर जा. पण जपून. दुखणं कमी झालंय, गेलेलं नाही.” आम्हाला ‘कमी’ सुद्धा पुष्कळ आहे.

२ एप्रिल

कुलपात तेल घातलं. काडीचा फरक नाही.

३ एप्रिल

उद्या ती कामावर जाणार. दुपारी स्वारी खुशीत होती, म्हणून शेवटी माझी तक्रार रुजू केली. “बाईसाहेब, अंगात बळ आलं हे कळलं. पण ते बरणीवर का काढता?”

“मी? मला कुठे पिळता येतंय अजून! अंगठा ठणकतो. अर्धाच आटा देते, पहिल्यासारखा.” आणि बोलता बोलता दोन बोटांनी झाकण उघडून कॉफी घातली.

मी म्हटलं, “थट्टा केली.”

ती चालते, झोपते, उद्या जाते — ते सगळं खरं आहे. झाकण मात्र कधीच घट्ट नव्हतं. पेनांचाही दोष नाही. कुलपाचाही.

माझ्या उजव्या हातातलं बळ जातंय. आज सांगितलं तर ती उद्या घरीच बसेल. उद्या संध्याकाळी, दुकानातलं सगळं तिचं सांगून झालं, की सांगेन.

भीती वाटते.