डावीकडे दोन, दोनशे मीटर

१४ एप्रिल, मंगळवार

सत्तावन्न. अजून तीन हवेत.

माझे गाईड मोहिते सरांनी आज परत विचारलं, "किती झाल्या नोंदी?" जणू डॉल्फिन माझ्या पर्समध्ये आहेत आणि मी द्यायला टाळाटाळ करतेय! साठच्या खाली गणित उभं राहत नाही हे त्यांनीच मला सहा वर्षांपूर्वी शिकवलं. साठ वेळा डॉल्फिन दिसले, तर हर्णैच्या समुद्रात एकूण किती असतील याचा अंदाज बांधता येतो. नाहीतर नुसत्याच सहली.

तीस जूनला पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन संपतंय. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली. आणि दहा मेनंतर आमचा नावाडी महिपती तांडेल बोट वर ओढून ठेवतो, वारा फिरतो म्हणून. म्हणजे माझ्या हातात दोन फेऱ्या. दोन!

बिबवेवाडीला घरी पोचले तर पाणी गेलेलं. बादलीत होतं तेवढ्यात तोंड धुतलं.

१५ एप्रिल

आईचा अकोल्याहून फोन. "काय वं, झालं का नाही तुयं ते मासे मोजनं?" डॉल्फिन मासे नाहीत हे सांगायचं मी कधीच सोडलंय.

१८ एप्रिल, शनिवार. हर्णै

काल स्वारगेटहून सकाळच्या एसटीने आलो. मी आणि प्रेमलाकाकू. काकू सहासष्ट वर्षांच्या, शनिवार पेठेतल्या, एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये ओळख झाली. माझे आधीचे दोघे असिस्टंट चांगल्या नोकऱ्या लागून गेले (बरं केलं बिचाऱ्यांनी), तेव्हा या जानेवारीत काकू म्हणाल्या, "मी येते की. घरी तरी काय, कबुतरंच हाकलते." बोटीवर यायचं म्हणून आलेपाकाचा डबा घेतात. त्यांना बोट लागत नाही. मला लागते. सहा वर्षं झाली तरी!

आज सकाळी साडेसातला निघालो. शिडावरच. इंजिन लावलं तर डॉल्फिन लांब पळतात. समुद्रावर मी नकाशात सरळ रेघा आखल्यात, बोट त्या रेघेवरून जायची. काकूंनी डावीकडे बघायचं, मी उजवीकडे. दिसला की ओरडायचं — किती, किती लांब. मी वहीत लिहायचं. एवढंच काम. ऐकायला छान वाटतं. आठ तास पाण्याकडे डोळे लावून बसलं की प्रत्येक लाट पाठीच्या पंखासारखी दिसायला लागते.

दुपारपर्यंत काही नाही. महिपती सुकाणूवर बसून म्हणाला, "आज काय गावायचं नाय तुमाला." डॉल्फिनला तो गादे म्हणतो. साडेचारला काकू ओरडल्या, "डावीकडे! दोन! दोनशे मीटर!" मी वळून बघेपर्यंत गेले. पण लिहिलं. अठ्ठावन्न.

काकूंना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, उलटी होईल म्हणून.

१९ एप्रिल, रविवार

एकोणसाठ! सकाळी नऊलाच, माझ्या बाजूला, ऐंशी मीटरवर पाच जण. महिपतीनेही पाहिले. राखाडी पाठी, एकामागून एक, घाई नाही काही नाही. मला त्यांचा हेवाच वाटला.

त्यानंतर दिवसभर कोरडं.

२३ एप्रिल

डिपार्टमेंट. मान आखडलीय. सरांना सांगितलं, एकोणसाठ. ते म्हणाले, "वा. म्हणजे एकच." एकच! त्यांनी उन्हात बसून बघावं एकच म्हणजे काय ते.

२९ एप्रिल

काही लिहायचं नाहीये. झोपते.

१० मे, रविवार. हर्णै

शेवटचा दिवस. सविस्तर लिहिते, नाहीतर विसरेन.

कालचा दिवस फुकट गेला. आज सकाळपासूनही काही नाही. ऊन असं की डोळ्यांत पाणी येत होतं आणि पाण्यामुळे आणखीनच दिसत नव्हतं. काकूंनी ओढणी डोक्यावरून हनुवटीखाली बांधली होती. बारा वाजता मीच म्हटलं, थांबू या. रेघ सोडली, शीड उतरवलं, जेवायला बसलो. काकूंच्या घडीच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी. वहीत लिहिलं: काम बंद, बारा दहा.

बारा पंचवीसला ते आले.

आधी आवाज आला. कुणीतरी मागे दमून श्वास सोडावा तसा, फूऽ करून. मी चिडून महिपतीकडे बघितलं, तर तो बोटाने पाण्याकडे दाखवत होता. बोटीला चिकटून! हात घातला असता तर लागले असते. एक, तीन, सात... मी मोजायचं थांबवूच शकले नाही, सवय. बारा होते. एक पिल्लू होतं, आईच्या कुशीला लागून, ती वर आली की तेही वर. त्याला नीट श्वास घेता येत नव्हता अजून, तोंड जास्तच बाहेर काढायचं. बोटीभोवती फिरले, खालून गेले, पलीकडे निघाले. एक मोठा कुशीवर वळला आणि त्याने सरळ माझ्याकडे बघितलं. खोटं नाही सांगत, माझ्याकडेच. हातात पोळीचा घास तसाच राहिला होता.

वीस मिनिटं होते. काकू रडत होत्या. मीही. का ते माहीत नाही, थकल्यामुळे असेल.

गेल्यावर काकू म्हणाल्या, "लिही ना. बघतेस काय? झाले साठ!"

"नाही चालत काकू. आपण कामावर नव्हतो. थांबलेल्या बोटीजवळ ते स्वतःहून येतात. ते धरले तर आकडा उगाच फुगतो."

"बारा डॉल्फिन तुझ्या ताटापाशी येऊन गेले आणि ते धरायचे नाहीत?"

"नाही."

"अगं, पण खरे होते ना ते?"

"खरे होते. पण धरायचे नाहीत."

त्यांनी डबा खटकन बंद केला. "धन्य आहे तुझी," म्हणाल्या. महिपती हसला.

वही मांडीवर, पेन हातात, आणि बारा दहाचं बारा तीस करायला काय लागतं? शून्याआधीच्या एकाचा तीन, बस. महिपती बोलला नसता. काकूंनी तर टाळ्या वाजवल्या असत्या. नाही केलं. सहा वर्षांत दुसरं काही जमलं नसेल, पण हे जमलं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतंय.

एकला परत रेघेवर. तीन वाजले. चार वाजले. पाचला काम संपतं. मी मनातल्या मनात सरांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवायला लागले. आईला काय सांगायचं. तेहतिसाव्या वर्षी परत अकोल्याला जाऊन काय करायचं.

चार चाळीसला काकू उभ्याच राहिल्या. "डावीकडे! दोन! दोनशे मीटर!"

साठ.

साठ! मी वही छातीशी धरून बोटीच्या फळीवर आडवी झाले. महिपती म्हणाला, "बाई मेली का काय?" काकू म्हणाल्या, "नाही हो, पास झाली."

१२ मे

पुणे. चौदा तास झोपले. सरांना मेसेज केला. त्यांनी अंगठा पाठवला. सहा वर्षांचा एक अंगठा.

२ जून, मंगळवार

आकडेमोड सुरू. साधा नियम आहे: जवळचे डॉल्फिन जास्त दिसतात, लांबचे कमी. आलेख काढला की जवळ उंच आणि पुढे उतरत जायला हवा. माझा उतरतो आणि मग दोनशे मीटरला मध्येच वर येतो. गतिरोधकासारखा.

टायपिंगची चूक असेल. उद्या बघते.

३ जून

टायपिंगची चूक नाही. दोनशे मीटरवरच्या अकरा नोंदी. सगळ्या या वर्षीच्या. सगळ्या डावीकडच्या. प्रत्येक वेळी दोनच डॉल्फिन. प्रत्येक वेळी चारच्या पुढे. आणि प्रत्येक वेळी त्या दिवशी तोपर्यंत वही कोरी.

जेवले नाही.

४ जून, गुरुवार

शनिवार पेठेत गेले. काकू दुसऱ्या मजल्यावर राहतात, एकट्याच. दार उघडून म्हणाल्या, "ये ये, किती वाळलीस!" मी बसलेही नाही. कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून, बोट ठेवून एकेक ओळ वाचली, पेपर तपासावा तशी. गणिताच्या बाई त्या. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"काकू, हे दिसले होते तुम्हाला?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"एक तरी?"

"नाही गं."

मग म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "एकतीस वर्षं पेपर तपासले. एखाद्याला तेहतीस पडायचे. दोन मार्कांसाठी पोराचं वर्ष घालवायचं का? मी द्यायची. सगळेच द्यायचे, त्याला ग्रेस म्हणतात. आणि तू दिवसभर त्या उन्हात... कोरी वही घेऊन उतरायचीस ना, तुझं तोंड बघवायचं नाही मला. म्हटलं, दोन डॉल्फिननी समुद्राचं काय जातंय."

मला राग आला, फार आला. ओरडले. म्हटलं, तुम्ही माझी सहा वर्षं खोटी केलीत. म्हटलं, मी जेवताना बारा डॉल्फिन सोडले आणि तुम्ही हवेतून दोन काढलेत. म्हटलं, मला पास व्हायचं नव्हतं, मला मोजायचं होतं. म्हटलं, खोटारड्या आहात तुम्ही. आईच्या वयाच्या बाईला!

त्या म्हणाल्या, "आपण चहा घ्या आणि मग बोला." मला 'आपण' म्हणाल्या. मी चहा न घेता निघाले. जिन्यात रडू आलं, रागाचंच.

५ जून

एकोणपन्नास. अकरा काढले तर एकोणपन्नास उरतात.

कुणाला माहीत आहे? मला आणि काकूंना. त्या कुणाला सांगणार नाहीत. परीक्षक दोनशे मीटरवरचा उंचवटा बघून एखादा प्रश्न विचारतील, मी समुद्राच्या लाटांबद्दल काहीतरी बोलेन. होईल पास. काकूंनी म्हटलंच होतं.

दिवसभर गादीवर पडून छताकडे बघितलं. पंख्याची पाती मोजली. तीन. खात्रीने तीन.

८ जून, सोमवार

सरांना सांगितलं. सगळं. दार लावून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं.

मला वाटलं होतं ओरडतील, किंवा म्हणतील, जाऊ दे, कुणाला कळतंय. दोन्ही नाही. म्हणाले, "सांगितलंस ते बरं झालं. फार कमी लोक सांगतात." सहा वर्षांत पहिल्यांदा सर माझ्याशी माणसासारखे बोलले. म्हणाले, एकोणपन्नासवर काहीतरी उभं करू, अंदाज ढोबळ येईल पण खरा येईल. शिवाय घडलं ते सांगून मुदतवाढीचं पत्र लिहितो, बघू.

निघताना म्हणाले, "सगळ्या निरीक्षकांच्या नोंदी अशाच तपासून आण. जुने दोघे असिस्टंट, आणि तूही. तुझ्यावर शंका नाही, रीत आहे म्हणून."

येताना बसमध्ये उभी होते तरी हलकं वाटलं. आईला फोन करून म्हटलं, होईल गं. "तुले आधीच सांगितलं व्हतं," म्हणाली. काय सांगितलं होतं कुणास ठाऊक!

काकूंना फोन नाही केला. करायचा नाही. त्यांनी आधी माफी मागावी.

९ जून, मंगळवार

जुन्या दोघांच्या नोंदी स्वच्छ आहेत.

मग माझी बाजू काढली. उजवी, सगळी वर्षं. उजवीकडे, एकच डॉल्फिन, दीडशे मीटर, चारच्या पुढे, त्या दिवशी तोपर्यंत वही कोरी. शेरा माझ्याच अक्षरात: एकदाच वर आला. अशा नऊ. काकू यायच्या कितीतरी आधीपासूनच्या.

नऊच्या नऊ मला आठवतात. पंख, पाण्यावरची चकाकी, सगळं.

काकूंना निदान माहीत होतं, समोर काही नाही. मला ते खरंच दिसले होते.