पुसून टाकलेला पिवळा दिवा

भाऊजी,

गाडी आज धुराच्या तपासणीला नेऊ नका, परत पाठवतील. गाडीतला तो इंजिनाच्या बिघाडाचा पिवळा दिवा सारखा डोळ्यांत खुपायचा, म्हणून तुमचा बिघाड दाखवणारा स्कॅनर लावून मीच पुसायचं बटण दाबलं. दिव्याबरोबर इंजिनाने करून ठेवलेल्या चाचण्याही पुसल्या गेल्या. म्हणून स्कॅनर ‘तयार नाही’ म्हणतोय. थोडे दिवस गाडी फिरवलीत की होईल तयार.

काल गॅरेजात मेकॅनिक म्हणाला, “घरात कुणीतरी पुसलंय.” तुम्ही म्हणालात, “कोण, वहिनी? खोटारडा आहेस तू.” गिऱ्हाईकं ऐकत होती. मी तिथंच होते. माझं रोजचं सकाळचं मौनव्रत होतं, पण मान हलवून ‘हो, मीच’ म्हणायला काही ते आड येत नव्हतं. मी हलवली नाही; मौन माझ्या पथ्यावरच पडलं.

आज मौन धरलेलं नाही. गिऱ्हाईकं असतानाच, मीच पुसलं हे मेकॅनिकला सांगायला गॅरेजात गेले आहे. तुम्हीही या.

वहिनी