दोन लाखांची पिकअप

३ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ताईने फोनवर सांगितलं. तुम्हाला लिहिण्यावाचण्याची मनाई आहे, तेव्हा हे तिच्याकडून वाचून घ्या आणि उत्तरही तिलाच सांगा.

मला सुतारकामातलं पहिलं मोठं काम मिळालंय. शाळेचे साठ बाक, एक एप्रिलला पोचवायचे. भाड्याच्या गाडीत सगळा नफा जाईल, म्हणून जुनी पिकअप बघतेय. हातात पंच्याऐंशी हजार आहेत. एक गाडी सापडलीय. एकोणीस वर्षांची, रंग उडून पिवळट झालेली. चालू करताना निळा धूर येतो, चटईखाली गंज आहे. तुम्ही शिकवलंत तसा लोहचुंबक फिरवला, तर डाव्या दारावर चिकटेना. मालक दोन लाख म्हणतो, वर अशी गाडी शोधून सापडायची नाही हेही ऐकवतो. रास्त किंमत किती? तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
ठकी

९ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

दोन लाख? त्या मालकाला ऊन लागलंय की काय? निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितंय. आणि लोहचुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. गाडी कुठेतरी आपटलीय आणि त्या लबाडाने वरून रंग फासलाय. माझीही गाडी एकोणीस वर्षांचीच, पण जपावी तर अशी!

या डब्याचे नव्वद हजार, वर एक पैसा नाही. गिऱ्हाईक गाडीचे पैसे देतं, मालकाच्या आठवणींचे नाही, असं त्याला बजाव. कुरकुरला तर माझं नाव सांग.

गॅरेजातली चाळीस वर्षं तुझ्या पाठीशी आहेत.
काका
(ताईच्या हस्ते)

१४ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

नाव सांगायची गरज पडली नाही. मालक तुम्हीच आहात.

रागावू नका. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं, तरी दोन लाख सांगून तुम्ही पाच गिऱ्हाइकं पळवलीत. शेवटी काकूनेच मला किल्ली दिली. मी एक शब्द खोटा लिहिलेला नाही. डावं दार काकूचं. तुम्ही बाहेरगावी असताना तिने गाडी फाटकाच्या खांबावर घातली आणि गुपचूप पुट्टी भरून घेतली. कबुली पत्रातून दे, समोर नको, असं तिचं म्हणणं.

मला पाच हजार कमी पडतात, ते बाकांचे पैसे आले की देईन. पण तुमचं मन नसेल तर राहू द्या, मी भाड्याची गाडी बघते.

चुकले असेन तर कान धरा, पण अबोला नको.
ठकी

२६ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

हे माझ्या हातचं. दोन दिवस मी घरात कोणाशी बोललो नाही. मग नव्या डोळ्यांनी गाडी बघितली. मी जिला सायीचा रंग म्हणायचो ती खरोखरच पिवळट निघाली. वाईट वाटलं, ठके. तिच्यावर या घराची पोटं भरली.

पण तुझी तपासणी अर्धवट. मागच्या पत्र्याच्या फळीवर लोहचुंबक फिरवलास का? तिथेही चिकटत नाही. त्याचे पाच हजार कमी, म्हणजे पंच्याऐंशी झाले. रविवारी घेऊन जा, आणि कधीमधी मला शेजारी बसवून एक चक्कर मार.

तुझ्या पहिल्या कामाला भरभरून आशीर्वाद.
काका

ता. क. ती फळी मी त्याच खांबावर घातली होती, काकूच्या आधी वर्षभर. हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस.