मुडदा मध्येच उठला त्याची हकीकत

ती. दाजी यांस,

बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार. (बसल्या जागी इतका वेळ बसता येतं, हीच या पत्रातली मोठी बातमी, पण ती तिच्या जागी येईल.) इकडे सगळे खुशाल. ताईला विचारल्याचं सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? त्या गुडघ्यापायी तुम्ही आमच्या नाटकाला आला नाहीत ते एकवेळ चाललं, पण तुमच्या लेकीला मुलगी झाली, ती रांगायला लागली, आणि बसचा प्रवास झेपणार नाही म्हणून आजोबांनी अजून नातीचं तोंड पाहिलेलं नाही, हे काही बरं नाही. असो. गुडघ्याबद्दल नंतर लिहितो. आधी नाटकाचं ऐका, कारण तुमच्या कानावर भलतंसलतं गेलं असणार.

आमच्या निवृत्तांच्या मंडळाने यंदा खुनाचं नाटक बसवलं आणि मला मुडद्याची भूमिका मिळाली. हसू नका. पहिल्या अंकात मी जिवंत असतो, चांगलं खणखणीत बोलतो, आणि पडदा पडता पडता छातीत सुरी घेऊन कोचावर मरतो. दुसरा सबंध अंक तिथेच पडून राहायचं. दिग्दर्शक म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर (अजून वाटतं, चुकलो तर बाकावर उभं करतील). त्यांनी बजावलं होतं, पापणीसुद्धा हलता कामा नये. एरवी सोपं काम. पण माझी अडचण कोचाला आणि मास्तरांना ठाऊक नव्हती.

अडचण अशी की गेलं वर्षभर माझं लघवीचं तंत्र पार बिघडलं होतं. जाऊन आलो की पुन्हा जावंसं वाटायचं, आणि गेलो की नुसता वाट बघत उभा. धार सुरू व्हायची, थांबायची, मनात आलं तर पुन्हा सुरू व्हायची. आणि सगळं आटोपून बाहेर आलो की उरलेले थेंब विजारीत. कोणाकडे गेलो की आधी संडास कुठे ते हेरून ठेवायचो, मग यजमानांची खुशाली विचारायचो. ही म्हणायची, डॉक्टरांना दाखवा. मी म्हणायचो, वय झालं की व्हायचंच. (आणि सांगायचं तरी काय, चारचौघांत?) उपाय म्हणून मी पाणी पिणंच सोडलं. त्याने फरक एवढाच पडला की आता जळजळायलाही लागलं.

त्यात प्रयोगाच्या दिवशी सर्दी! जिवंत नट शिंकला तर खपतं, मुडदा शिंकून कसं चालेल? दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या आणि भूमिकेवरच्या निष्ठेपोटी एकीच्या जागी दोन घेतल्या. नाक असं कोरडं ठणठणीत झालं की वाहवा. पण त्यातल्या काही गोळ्या नाकाबरोबर खालचा नळही आवळून टाकतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (मीही कोणाला विचारलं नव्हतं.)

गुप्तहेराचं काम निवृत्त पोस्टमास्तर करतात. त्यांना वाक्यं आठवत नाहीत. मग ते हात मागे बांधून येरझारा घालतात, आणि प्रेक्षकांना वाटतं, काय विचार करतोय माणूस! त्या दिवशी त्यांनी इतका विचार केला की माझं ओटीपोट टम्म फुगलं. मी डोळे मिटून मनातल्या मनात त्यांना एकेक वाक्य पुरवत होतो. शेवटी ते माझ्यावर वाकले आणि म्हणाले, ‘या मृताला काय बरं सांगायचं असेल?’ दाजी, मृताला जे सांगायचं होतं ते सभ्य लोकांत सांगण्यासारखं नव्हतं. मी उठलो. छातीतली सुरी सावरली, प्रेक्षकांना नमस्कार केला आणि दाराकडे निघालो. दार नुसतं रंगवलेलं होतं. ते काही उघडेना, म्हणून खिडकीतून उतरलो. मागे टाळ्यांचा कडकडाट, आणि पोस्टमास्तरांना जन्मात पहिल्यांदा स्वतःचं वाक्य सुचलं, ‘म्हणजे खून झालेलाच नाही!’ मास्तरांनी कपाळाला हात लावून पडदा पाडला. तिसरा अंक झालाच नाही. (लोक अजून विचारतात, हा नवा शेवट कोणी लिहिला?)

मी मात्र संडासात भिंतीला हात टेकून उभा, आणि एक थेंब येईल तर शपथ. पोटात अशी कळ की डोळ्यांपुढे काजवे. तेव्हा मी घाबरलो, दाजी. खरंच घाबरलो. वाटलं, पहिल्या अंकात खोटा मेलो, आता खरा मरतो. हिने मला तसाच रिक्षात घातला. इस्पितळात छातीला सुरी आणि सदरा लालभडक पाहून एकच धावपळ उडाली. चौघांनी उचललं, एकाने सुरीला हात घातला, ती सदऱ्याच्या गुंड्यांसकट त्याच्या हातात आली. मी ओरडलो, ‘अहो, सुरी खोटी आहे! लघवी खरी अडकलीय!’

मग नळी घातली. घालताना जे झालं ते झालं, पण पिशवी भरायला लागली तसं जे सुख वाटलं, त्याचं वर्णन मी करत नाही. मला रडू आलं एवढंच लिहितो. डॉक्टरीणबाई तरुण, पण भारी शांत. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, अक्रोडाएवढी. लघवीचा रस्ता तिच्या मधूनच जातो. वय वाढतं तशी बहुतेक पुरुषांची ही ग्रंथी वाढते आणि रस्ता चेपते. हा कर्करोग नव्हे. पण तो नाही ना, याची खात्री रक्त तपासून आणि बोटाने चाचपून करून घ्यायची. (बोटाची तपासणी कशी करतात ते लिहीत नाही. मी डोळे मिटून पाढे म्हणायला लागलो, नीट सूर लागायच्या आतच संपली.) माझं सगळं ठीक निघालं. रस्ता सैल करणारी एक गोळी रोज झोपताना सुरू आहे. तिने उठताना गरगरतं, म्हणून क्षणभर पलंगाच्या काठावर बसून मग उभं राहायचं. दुसरी गोळी ग्रंथी आकसवते, पण तिला महिनोन्‌महिने लागतात. काही दिवसांनी नळी काढली आणि धार आली, दाजी, धार! मी आतूनच हिला हाक मारली. गोळ्यांनी भागलं नाही तर त्याच रस्त्याने आत जाऊन ऑपरेशन करतात, वरून कापाकापी नाही. माझ्यावर अजून ती वेळ नाही. दिवसा पोटभर पाणी, संध्याकाळचा चहा बंद, आणि सर्दी झाली तर विचारल्याशिवाय गोळी नाही. परवा मी अख्खा सिनेमा एका जागी बसून पाहिला. सिनेमा रद्दड होता. मला फार आवडला.

ताईला आणि तुम्हाला दोघांचा नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो वाढता असू द्यावा.

तुमचा मेहुणा (सध्या जिवंत)

ता. क. पुढच्या प्रयोगात मास्तरांनी मला हवालदार केलंय, येऊन जाऊन असणारा. मुडद्याची जागा रिकामी आहे. मी तुमचं नाव सुचवलं. मुडद्याला गुडघा लागत नाही.

ता. क. आणखी एक. मास्तरांची अट आहे की मुडद्याने आधी डॉक्टरीणबाईंना दाखवून यायचं. तुमच्या नावाने वेळ घेऊन ठेवली आहे. ताईने मला काहीही कळवलेलं नाही. तिने फोनवर सहज विचारलं, गुडघा दुखत असला की माणूस जेवताना मध्येच दोनदा उठतो का? दाजी, मी एकटाच वर्षभर घाबरत राहिलो. तुम्ही नका राहू.

दाजींना माझाही नमस्कार. ह्यांचं पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी. मुडद्याची जागा वगैरे काही रिकामी नाही, ते काम स्वतः मास्तर करणार आहेत. ह्यांना तुम्हाला इथे आणायला निमित्त हवं होतं. आणि ‘रडू आलं एवढंच’ असं लिहिलंय, पण माझा हात असा धरला होता की बांगडी वाकली. ताईंनी तिकिटं काढलीत, रेल्वेची, डब्याच्या टोकाच्या जागा, दोन पावलांवर सोय. आधी इथे डॉक्टरीणबाई, मग इथूनच पुढे लेकीकडे. आजोबांना एका जागी बसता आलं की नातीला मांडीवर घेता येईल. मग मांडी ओली करायचा हक्क फक्त तिचा.